व्याह्यांचा हप्ता माझ्यापेक्षा जास्त

माझ्या सुनेच्या पहिल्या बाळंतपणाला तिची आई जर्मनीत वेळेवर पोचली नाही. आमच्या नात्यात याचं कारण असं सांगतात की, तिकिटं हातात आलेली असताना तिच्या वडिलांनी ऐनवेळी हट्ट धरला आणि बायकोलाही अडवलं. केजपासून बीडपर्यंत ज्याला विचाराल तो हेच सांगेल. सूनही तेच धरून बसली आहे. मी इतके दिवस हे ऐकत आलो आणि मान हलवत आलो. पण हट्ट माझ्या व्याह्यांचा नव्हता. जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि ते विम्याच्या एका हप्त्यावरून झालं.

मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. पदवीचा डॉक्टर नव्हे, पण खेड्यात आम्हाला डॉक्टरच म्हणतात आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. नोकरीची बरीच वर्षं युसूफ वडगावात आणि आसपासच्या गावांत गेली. लस टोचणं, रेतन करणं, अडलेली गाय मोकळी करणं ही कामं होतीच. त्याशिवाय विम्याची जनावरं बघणं माझ्याकडे होतं. सही मोठ्या साहेबांची, पण जनावराला हात लावायचो मी. दात बघून वय धरायचं, चारही सडांतून दूध काढून बघायचं, जनावर चालवून बघायचं. मग त्याची किंमत ठरवायची आणि पकडीनं कानात बिल्ला मारायचा. जितकी किंमत तितका हप्ता. जर्सीचा जास्त, गावरान गाईचा कमी. आजारी जनावराला विमाच नाही.

लोक लपवायचे. एक सड दगडी झालेली म्हैस आणायचे आणि बाकीच्या तीन सडांचं दूध काढून दाखवायचे. लंगडी गाय आणायचे आणि म्हणायचे, आत्ताच काटा लागलाय डॉक्टर. मी हसायचो आणि जनावर परत पाठवायचो. माझ्या हातून खोटं जनावर कधी पास झालं नाही, याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे.

माझे व्याही बीडला राहतात. मूळचे शिरूर कासारचे. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. हे वसतिगृहात राहून शिकले, तहसीलमध्ये लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचं बोलणं हळू. सदरा कडक इस्त्रीचा. कोणताही सरकारी कागद त्यांच्यापुढे ठेवला तर त्यात काय राहिलंय ते चष्मा न लावता सांगतील. लग्न ठरलं तेव्हा मी गावभर सांगत होतो, पाव्हणे लई चांगले मिळाले. पुढे पुढे मला ते जरा जास्तच चांगले वाटायला लागले.

माझा मुलगा जर्मनीतून दर रविवारी फोन करतो. लग्नानंतर त्याचा फोन उशिरा यायला लागला. मला संशय आला की तो आधी सासऱ्याला करतो. एका रविवारी मी त्या वेळेला व्याह्यांचा नंबर लावून बघितला. बिझी. पुढच्या रविवारी पुन्हा लावला. बिझीच. त्यानंतर कितीतरी रविवार मी हा नंबर लावत राहिलो. मुलाने तिकडे घर भाड्याने घेतलं तर करार सासऱ्याला वाचून दाखवला. गाडी घेतली, त्यांना विचारून घेतली. मला त्याने विचारलं ते एवढंच की, बाबा, गाडी कुठल्या रंगाची घेऊ.

मग सुनेला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. ती येऊ शकत नव्हती, म्हणून माहेर तिकडे जाणार असं ठरलं. व्याही-विहीणबाई आधी, ते परत आल्यावर आम्ही दोघं. यात गैर काही नव्हतं. तरीही बायकोला मी दोनदा म्हणालो, "नातू आपल्या घरचा, अन् बघणार आधी ते."

ती म्हणाली, "बाळंतीण त्यांच्या घरची हाय."

तिकडच्या व्हिसाला आरोग्याचा विमा लागतो. तो असल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. मुलाने चौघांचा विमा स्वतः बघायचं ठरवलं. त्यासाठी त्याने एका रविवारी व्हिडिओवर सगळं समजावून सांगितलं. साधा विमा म्हणजे तिथे अचानक काही झालं, पाय मोडला, ताप आला, तर दवाखान्याचा खर्च मिळतो. पण आधीपासूनचा आजार असेल आणि त्याने काही झालं तर साध्या विम्यात काही मिळत नाही. तो आजार आधी सांगून वेगळा विमा घ्यावा लागतो. कुणी तिथे वारलं तर मृतदेह गावी पाठवायचा खर्चही धरलेला असतो, हेही त्याने सांगितलं. हे ऐकून बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी वाजवायला लागली.

"बाबा, खरं सांगा," मुलगा म्हणाला. "बीपी, शुगर, काही आहे का? पप्पांनी त्यांचं सगळं सांगितलंय. हार्टचं, बीपीचं, शुगरचं. गोळ्यांचे फोटोसुद्धा पाठवलेत." सासऱ्यांना तो पप्पा म्हणतो.

मला साखर होती. आठ-नऊ वर्षांपासून आहे. केजच्या डॉक्टरांकडून गोळ्या आणतो. त्या मी कपाटात ठेवत नाही. माझी जुनी कातडी पिशवी आहे, बिल्ला मारायची पकड आणि सुया ठेवायची, तिच्यात ठेवतो. बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मुलाने "पप्पांनी सगळं सांगितलंय" म्हटलं आणि मला वाटलं, हीच वेळ आहे. कडक इस्त्रीचा सदरा, कागदांची अक्कल, सगळं त्यांचं. पण छातीत स्प्रिंग आहे, सकाळ-संध्याकाळ गोळ्या आहेत. निदान शरीर तरी माझं बरं.

"मला काय व्हायलंय," मी म्हणालो. "कपिलधारच्या पायऱ्या अजून न थांबता चढतो."

मुलगा खूश झाला. सुनेने मागून डोकावून म्हटलं, "बाबा एकदम फिट." भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको दारात येऊन माझ्याकडे बघत होती. फोन बंद झाल्यावर ती एवढंच म्हणाली, की परक्या देशात पडलात तर मी कुणाला हाक मारू.

व्हिसाच्या कामाला आम्ही चौघं एका गाडीने पुण्याला गेलो. जामखेडच्या पुढे चहाला थांबलो. बायका गाडीतच बसल्या. व्याह्यांनी बिनसाखरेचा चहा सांगितला. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, माझा नेहमीसारखा, गोड. पहिला घोट घेतला आणि ते ग्लास हातात फिरवत म्हणाले,

"डॉक्टर, आमच्या विम्याला तुमच्या दुपटीच्या वर लागलं म्हणं. जावईबापूंनी लई केलं."

ते खाली बघत होते. मला वाटलं, मिजास आहे, पण दाखवायची नाही म्हणून खाली बघतायत.

मी उरलेला चहा प्यालो नाही. तिथून पुण्यापर्यंत गाडीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आयुष्यभर मी जे केलं त्यात हप्ता एकाच गोष्टीवरून ठरत होता, ते म्हणजे किंमत. आजारी जनावराला विमाच नसतो, मग त्यांना विमा मिळाला म्हणजे ते आजारी धरलेच नसणार. आणि हप्ता दुप्पट म्हणजे किंमत दुप्पट. माझ्या पोराने आम्हा दोघांना शेजारी उभं केलं, दात बघितले, आणि सासऱ्याची किंमत माझ्या दुप्पट लावली. मुलाने सगळं समजावून सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं; पण माझ्या डोक्यातला विमा जनावरांचाच राहिला. आज लिहिताना हे खुळ्यासारखं वाटतं. त्या दिवशी मला ते इतकं सरळ वाटलं की कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. व्हिसाच्या कचेरीत आम्हा दोघांच्या विम्याचे कागद एकाच काउंटरवर शेजारी शेजारी पडले होते. मी नुसती मान वाकवली असती तरी दिसलं असतं की दोन्हीकडे विम्याची रक्कम एकच आहे. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "एवढं लागलंय तर पोराला विचारा की."

"बापानं पोराला काय विचारायचं? माझी किंमत कमी कावून लावली म्हणून?"

मला त्या दिवसांत जेवण गेलं नाही असं मात्र नाही. मी चांगलं जेवत होतो, मुद्दाम गोडही खात होतो. गोड खाताना व्याह्यांचा बिनसाखरेचा ग्लास डोळ्यापुढे यायचा आणि बरं वाटायचं.

पंधरा-वीस दिवसांनी गावात एका पुतणीचं लग्न होतं. मंगल परिणय झाला, जेवणं झाली आणि आम्ही म्हातारी माणसं मांडवात खुर्च्या जवळ ओढून बसलो. जर्मनीचा विषय निघाला. माझ्या चुलतभावाने खोच मारली, "काय डॉक्टर, सासरा आधी अन् बाप मागून?"

ते तिथेच सोडून देता आलं असतं. मी म्हणालो, "मागूनच जाणार. पोरानं सासऱ्याचा विमा जर्सीच्या दरानं काढलाय. मी पडलो गावरान. मला कानात बिल्ला मारला की झालं."

मांडव हसला. माझं आयुष्य ढोरांत गेलेलं, त्यामुळे माझ्या तोंडून हे फार शोभलं. पलीकडच्या पंगतीतल्या लोकांनी मला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी मी हप्त्याचा आकडाही वाढवून सांगितला आणि सासरा कास भरून दूध देतो का ते पोरालाच विचारा, असंही जोडलं. त्या पंगतीत शिरूर कासारकडची दोन माणसं होती. ती मला दिसत होती. दिसत असूनही मी बोललो.

आठवडाभरात व्याह्यांनी जावयाला कळवलं की आम्ही येत नाही. तिकिटं परत करा, विमा परत करा. कारण सांगितलं नाही. मुलाचा मला फोन आला. तो गोंधळून गेला होता.

"बाबा, पप्पा तुम्हाला काही बोलले का?"

"मला कशाला बोलतील," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला हवं. सुनेचं काय होईल हे आलं नाही. आलं ते असं, की आता आम्हीच आधी जाऊ. मी बायकोला तसं म्हणालोही. ती म्हणाली, आपल्या व्हिसाच्या तारखा पुढच्या आहेत, बाळ तोवर थांबणार आहे का.

मग सुनेचा फोन आला. ती मला सहसा एकटीने फोन करत नाही. तिला चालताना धाप लागत होती, आवाजात ते कळत होतं. ती म्हणाली, पप्पा ऐकत नाहीत, आई नुसती रडते, तुम्ही सांगितलं तर ऐकतील. मी म्हणालो, बघतो. मग ती म्हणाली, "पैशांचं मनाला लावून घेतलं असेल त्यांनी. हार्टचं सांगितलं म्हणून विमा महाग पडला, तेव्हापासून ते गप्पच झालेत. म्हणतात, माझ्या रोगाचा भार जावयावर. तुमचं नाव घेऊन सारखे म्हणायचे, डॉक्टरांसारखी तब्येत पाहिजे होती. त्यांना तुमचा हेवा वाटतो, बाबा."

तिला वाटलं फोन कट झाला. ती हॅलो हॅलो म्हणाली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, मला आई पाहिजे."

मी अंगणात येऊन बसलो. जामखेडच्या पुढचा चहा मला पुन्हा आठवला. ते ग्लास फिरवत खाली बघत होते. आपल्या आजारासाठी जावयाला जास्त पैसे मोजावे लागले, हे त्यांनी मला सांगितलं होतं. एका व्याह्याने दुसऱ्याजवळ मन मोकळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी बीडला गेलो. विहीणबाई विहारात गेल्या होत्या. व्याही एकटेच घरी होते. जय भीम झालं. पाणी दिलं. बसा म्हणाले नाहीत, पण मी बसलो.

मी तिकिटांचा विषय काढायच्या आत ते म्हणाले, "काल भाजी आणायला गेलतो. एकानं हाक मारली. काय जर्सी, कवा निघालं?"

मी खाली बघितलं.

"डॉक्टर, माझ्या आईबापाची किंमत मुकादम दरसाल लावायचा. जोडीला इतकी उचल. मी ओट्यावर बसून ऐकायचो. औंदा बाई आजारी हाय, जरा कमी धरा, असं माझा बाप स्वतःच्या तोंडानं सांगायचा. ते कानावर पडू नये म्हणून मी शिकलो. अन् आता लेकीच्या सासऱ्यानं मांडवात बसून माझी किंमत सांगितली."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "मला साखर हाय."

त्यांना कळलं नाही.

"लई वर्षांपासून हाय. पोराला सांगितलं न्हाई. म्हणून माझा विमा स्वस्त पडला."

"कावून सांगितलं न्हाई?"

"तुमच्यापेक्षा एक तरी गोष्ट माझी बरी असावी म्हणून."

ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. म्हणाले, "अन् तुमी जनावरांचे दात बघत होते म्हणं." हे त्यांनी हसून म्हटलं की कसं, मला आजवर सांगता येत नाही.

मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले. म्हणाले, मंडळीला पाठवतो, पण मी येणार नाही. एकदा किंमत लागलेला माणूस मी तिकडे नेत नाही. मी खूप सांगून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही. चहा मात्र स्वतः करून दिला, बिनसाखरेचा. निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि तिथे म्हणाले,

"माझ्या लेकीला यातलं काही कळू देऊ नका. तिला जन्मभर तुमच्या घरात राहायचं हाय. माझाच हट्ट होता म्हणून सांगतो मी."

एसटीत मला हलकं वाटायला हवं होतं. मला वाटला तो हेवा. मांडवात अपमान झाला त्यांचा, आणि माझी अब्रू झाकायचं तेच बोलत होते. हेही त्यांनी माझ्याआधी केलं. माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं.

विहीणबाईंचं नवीन तिकीट आणि नवीन विमा होईपर्यंत बाळ आलं. वेळेच्या आधी आलं. मुलगा सांगत होता की कळा सुरू झाल्या तेव्हा सुनेने आईला फोन लावून ठेवला होता आणि इकडे बीडला रेंज जात येत होती. मध्येच आवाज बंद पडला की ती नर्सला मराठीत म्हणायची, परत लावा. शेवटी ऑपरेशन करावं लागलं. तिकडचे दवाखाने चांगले, माणसं चांगली, पण मराठीत धीर द्यायला माझ्या मुलाशिवाय कुणी नव्हतं आणि तो स्वतःच घाबरलेला होता. पहिले दिवस त्यानेच बाळंतिणीला खाऊ घातलं. शेपूची भाजी मिळाली नाही म्हणून कुठला तरी पाला शिजवला. विहीणबाई पोचेपर्यंत मध्ये पंधरवडा गेला होता. त्या पोचल्या त्या दिवशी सून त्यांच्याशी आधी भांडली आणि मग त्यांच्या मांडीवर झोपली, असं मुलगा म्हणाला.

मी मुलाला माझ्या साखरेचं सांगितलं. मांडवातलं सांगितलं नाही. तो रागावला. "बाबा, इथे पडला असतात आणि टेस्टमध्ये शुगर निघाली असती, तर एक पैसा मिळाला नसता. इथले दवाखाने कसे महाग आहेत माहितीय का?" त्याने माझा विमा बदलून घेतला, साखर धरून. नवा हप्ता सांगितला. जास्त होता, पण व्याह्यांचा होता त्यापेक्षा कमीच. छातीचं माझ्याकडे काही नव्हतं. तो आकडा ऐकून मला क्षणभर वाईट वाटलं. इतकं सगळं झाल्यावरही वाटलं. माझ्या मनाची ही जात आहे, ती मी लपवत नाही आता.

आम्ही गेलो, तीन महिने राहिलो. मी नातवाला अंगाखांद्यावर खेळवलं. गोळ्या तिथे सगळ्यांसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवायचो. सून आठवण करून द्यायची. रविवारी व्हिडिओ लागायचा. व्याही स्क्रीनवर दिसायचे, नातू माझ्या मांडीवर असायचा. सुरुवातीला मी त्याला कॅमेऱ्यापुढे धरायचो. मग नातू त्यांच्याकडे बघून हसायला लागला आणि मी तो वेळ आंघोळीला जायला लागलो.

गेल्या वर्षी मुलगा-सून नातवाला घेऊन आले. बीडला व्याह्यांच्या घरी त्याचा वाढदिवस केला. जेवताना कुणाच्या तरी बाळंतपणाचा विषय निघाला. सून वाढत होती. वाढता वाढता ती वडिलांना म्हणाली, हसतच म्हणाली, पण ते हसणं नव्हतं, "तुम्ही तेव्हा आईला वेळेवर येऊ दिलं नाहीत, पप्पा. ते मी विसरणार नाही."

व्याह्यांनी भाकरी मोडली. एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ताटाकडे. म्हणाले, "चुकलंच माझं."

माझ्या तोंडात घास होता. मी तो चावत राहिलो. तोंड रिकामं झालं तरीही बोललो नाही. मांडवात मी दोनदा बोललो होतो, इथे एकदाही जमलं नाही. त्या रात्री घरी आल्यावर ठरवलं की लिहायचं. ठरवायला आणि लिहायला मध्ये इतके महिने गेले.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी हे घेऊन बीडला गेलो, कारण त्यांनी नको म्हटलेलं मी सांगणार होतो. व्याह्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "त्या दिवशी भाजी न्हाई, औषध आणायला गेलतो." मी म्हटलं, बदलतो. ते म्हणाले, राहू द्या. मग कागद माझ्या हातात परत देऊन आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. डॉक्टरांनी काही लिहिलंय. ते तुला आधी वाचून दाखवतील."

मला वाटलं होतं विहीणबाईंना सगळं माहीत असेल. भाऊसाहेबांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

मी वाचलं. विहीणबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. साखरेच्या जागी त्या म्हणाल्या, "ते मला ठाऊक होतं. आमच्याकडं जेवायला बसला की तुमची मंडळी तुमच्या ताटातला शिरा काढून घ्यायची." मांडवाच्या जागी त्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. फोनच्या आणि रेंजच्या जागी मी थांबलो, तर म्हणाल्या, "वाचा पुढं." वाचून झालं तशा त्या उठल्या.

"लेकीला पाठवा हे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आमच्याकडे व्याही घरी आला आणि चहा न घेता गेला असं होत नाही. मी आणि भाऊसाहेब बाहेर बसून राहिलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "डॉक्टर, तुमची एसटी चुकंल." मी उठलो. चहा आला नव्हता. त्या घरातून मी तसा पहिल्यांदाच निघालो. ते फाटकापर्यंत आले.

आज हे सुनेला पाठवतो आहे.